चष्म्यावरचा ह

"ती मीच आहे, एद्दो," उबाक्स म्हणाली आणि पाचोळ्याच्या पिशवीला गाठ मारून तिने पिशवी खाली ठेवली.

मी काय विचारलं होतं ते आधी सांगायला हवं, कारण विचारताना मी चांगली खुशीत होते. मे महिन्यातला पहिला शनिवार म्हणजे आमच्या सोसायटीच्या अंगणात श्रमदानाचा दिवस. बर्फावर कुणी घसरू नये म्हणून हिवाळाभर वाटेवर टाकलेली खडी झाडून काढायची, झुडपांखालचा कुजलेला पाचोळा उपसायचा, बाकांना रंग द्यायचा आणि मग सगळ्यांनी मिळून सॉसेज भाजून खायची. अध्यक्ष म्हणून गेली अकरा वर्षं हा दिवस माझा. दोन शेगड्या असतात, एक डुकराच्या सॉसेजची आणि एक कोंबडीच्या. दुसऱ्या शेगडीच्या चिमट्याला मी स्वतःच्या हाताने निळी पट्टी चिकटवलेली आहे, आणि तो चिमटा कुणी पहिल्या शेगडीवर नेला तर मी त्याची गय करत नाही. तर त्या निळ्या पट्टीच्या चिमट्याने मी सॉसेज उलटत होते, ऊन पडलं होतं, सगळ्यांच्या गप्पा चालल्या होत्या, आणि मी भरल्या अंगणात म्हटलं, "उबाक्स, तुझ्याकडे ती दुसरी राहते ना, उबा की काय, तिचं नाव रहिवाशांच्या यादीत घालायचं राहिलंय बघ. आणि तिलाही खाली बोलाव की. वरून नुसती बघत काय बसते?" माझ्या मते हे आपुलकीचं बोलणं होतं. दर रविवारी उबाक्सची थोरली बहीण शेजारच्या वान्ता शहरातून येते. दारावरची घंटी तिला कधी पटलेली नाही; ती अंगणात उभी राहते, मान वर करते आणि "उबाह" अशी हाक मारते. मग तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडते. मी दुसऱ्या मजल्यावर, बरोब्बर खाली, त्यामुळे खिडकी उघडल्याचा आवाज येतो पण उघडणारी दिसत नाही. नावं दोन, म्हणून बायका दोन. एकतीस वर्षं मी टपालखात्यात पत्रांची वर्गवारी केली आहे, असल्या बाबतीत माझा अंदाज चुकत नाही अशी माझी समजूत होती.

मग चौथ्या मजल्यावरचा ओर्वो हसला. ओर्वो बंदरात क्रेन चालवायचा, आता निवृत्त आहे, आणि अजूनही चाळीस मीटर उंचीवरून खाली बोलल्यासारखाच बोलतो. "नऊ वर्षं, हिल्का," तो म्हणाला. "मला वाटायचं, या सोसायटीत बहिरा मीच." मी उबाक्सकडे वळून विचारलं, आणि तो प्रश्न आठवला की अजूनही मला तोंड लपवावंसं वाटतं, "मग मी तुला उबाक्स का म्हणते?" ती खरोखर विचार करून म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणून. आधी मला वाटलं, फिनिशमध्ये माझं नाव असंच होत असेल. मग बाकीचेही तसंच म्हणायला लागले, तुमचं ऐकून." मी म्हटलं, "अगं, मग सांगायचंस ना." ती म्हणाली, "कितव्या वर्षी? पहिल्या वर्षी लाज वाटली. तिसऱ्या वर्षी उशीर झाला होता. आणि आता काय, गुरुवारी पाटीच जाणार आहे. राहू दे." ती पिशवी उचलून कचऱ्याच्या खोलीकडे गेली. चिडली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. माझ्यासमोर एक सॉसेज करपत होतं आणि मी ते नुसतं पाहत होते.

गुरुवारी पाटी जाणार होती ती माझ्यामुळेच. जिन्याच्या तोंडाशी, काचेआड, आमची नावांची पाटी आहे. काळी, आडव्या खाचांची. तिच्यात पांढरी प्लास्टिकची अक्षरं दाबून बसवायची, मजल्यामागून मजला, घरामागून आडनाव. कुणी आलं, गेलं, वारलं, लग्न करून नाव बदललं की मी अक्षरांचा डबा घेऊन खाली उतरते. डबा जुन्या बिस्किटांचा आहे. गुरुवारच्या वार्षिक सभेपुढे मी यंदा प्रस्ताव ठेवला होता की नावांची पाटी काढून टाकावी आणि नुसते घरांचे क्रमांक लावावेत. कारण दिलं होतं, 'क्रमांकाने कुणाचाही अपमान होत नाही, सर्वांना समान वागणूक मिळते.' हे वाक्य लिहिल्यावर मी ते दोनदा मोठ्याने वाचलं होतं, इतकं मला आवडलं होतं. ओर्वोलाही आवडलं, पण वेगळ्या कारणाने. तो म्हणाला, "बरं होईल. हल्ली जिना चढताना विमानतळावर आल्यासारखं वाटतं, कोण कुठून सुटतंय काही कळत नाही." मी त्याला दटावलं होतं. पण त्याने प्रस्तावावर सह्या गोळा केल्या तेव्हा त्या मी घेतल्या. म्हणजे तो पाटीला कंटाळला होता कारण नावं परकी होती, आणि मी कंटाळले होते कारण ती बसवायला अवघड होती, आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला समानता असं नाव दिलं होतं. हे मला शनिवारी दुपारी, हातावरचा शेगडीचा वास धुऊन काढताना कळलं. साबण दोनदा लावला तरी वास जाईना.

मी डबा घेऊन खाली गेले. पाटीसमोर उभी राहिले. तिच्या आडनावाची सुरुवात सी या अक्षराने होते, तिच्या भाषेत तो सी म्हणजे घशातली नुसती एक अडखळ असते, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे सिल्मी म्हणायचो. आमच्या भाषेत ते डोळ्याच्या शब्दाजवळ जातं, म्हणून तिच्या घराला सोसायटीत गमतीने डोळ्यांचं घर म्हणतात. ही गंमत पहिल्यांदा कुणी केली ते मला नक्की आठवतं, मीच केली. आमच्या अक्षरांच्या संचात के आणि एन ढिगाने येतात, दोन टिंबांचे ए तर संपता संपत नाहीत, पण सी एकच आला होता आणि तो तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या सेडरबेर्गबाईंच्या नावाला लागला होता. म्हणून मी नखं कापायच्या कात्रीने एका ओचा तुकडा पाडला आणि त्याचा सी केला. तेव्हा स्वतःवर भलती खूश झाले होते, घरी येऊन कॉफी केली होती. सेडरबेर्गबाई वारून आता सहा वर्षं झाली. त्यांचं नाव मीच उतरवलं होतं, अक्षर अक्षर करून. डबा उघडला तर तळाशी खरा सी पडलेला होता, कोपऱ्यावर थोडी धूळ. सहा वर्षं तो तिथे होता, आणि वर तो कापलेला ओ खाचेत वाकडा बसून होता, आणि मी रोज दोनदा त्याच्यासमोरून ये-जा करत होते. मी कुणाचा मुद्दाम अपमान केलेला नाही. मुद्दाम केला असता तर निदान लक्ष तरी दिलं असतं.

तिथेच पायरीवर बसले आणि ओक्सेन्या आत्या आठवली. खरं तर ती आठवली नाही, ती नेहमी आसपास असतेच, मी तिच्याकडे बघत नाही इतकंच. माझ्या बाबांची थोरली बहीण, बिनलग्नाची. युद्धात कारेलियातलं घर सीमेच्या पलीकडे, रशियात राहिलं आणि ही भावंडं एक गाय आणि एक देवाची तसबीर घेऊन इकडे आली. आडनाव फेदोतॉफ. बाबांना लाप्पीनरांताच्या लाकडाच्या गिरणीत काम मिळालं, आणि मुकादम भला माणूस होता, त्याने भलेपणानेच सांगितलं, "या नावाने तुला कुणी पुढे येऊ देणार नाही. काहीतरी आपल्यातलं घे." बाबांनी 'हेतोला' हे आडनाव घेतलं. सगळ्यांचा मिळून अर्ज, आत्याचीही सही. आत्याने सही केली, पण ते नाव घेतलं नाही. म्हणजे नकार दिला नाही, भांडली नाही. कुणी हेतोला म्हटलं की ते तिला लागूच होत नसे. मी सात वर्षांची असताना तिच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. हिरव्या रंगाच्या भिंती, ओल्या लोकरीचा वास, बाकावर दाटीवाटीने माणसं. नर्सने दार उघडून हाक मारली, "हेतोला." आत्या शांत बसून होती, मांडीवर हात. नर्सने पुन्हा हाक मारली. लोक इकडेतिकडे बघायला लागले. तिसऱ्यांदा नर्स आमच्याच समोर येऊन उभी राहिली, आणि मला शाळा आठवली, शाळेत मला रशियाची म्हणून चिडवत, आणि आता ही बाई विचारणार की मग तुमचं नाव काय, आणि आत्या सगळ्यांसमोर ते जुनं नाव सांगणार. मी म्हटलं, "माझी आत्या बहिरी आहे."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग नर्सने तिच्या कानापाशी वाकून ओरडून विचारलं, "काय होतंय?" आणि आत्याने, जिला अंगणापलीकडून किटलीतलं पाणी उकळलेलं ऐकू यायचं, तिने हात कानामागे धरला आणि "काय?" म्हणाली. नर्सने तिच्या कार्डावर काहीतरी लिहिलं. त्या दिवसापासून ती वारेपर्यंत, चौदा वर्षं, ती त्या दवाखान्यात बहिरी होती. प्रत्येक वेळी ते ओरडायचे आणि प्रत्येक वेळी ती हात कानामागे धरायची. घरी येताना आम्ही कधी त्याबद्दल बोललो नाही. एकदाच, थंडीत, बसची वाट बघताना ती म्हणाली होती, "तुझा आवाज चांगला खणखणीत आहे, हिल्का." ते कौतुक होतं की काय होतं, ते मला अडुसष्टाव्या वर्षीही सांगता येणार नाही. पण मला त्याने अजून दुखतं, एवढं सांगता येईल. पायरी थंड लागायला लागली तशी मी उठले आणि डबा बंद करून वर गेले.

रविवारी मी बाल्कनीत बसून राहिले. बारा वाजता बहीण आली, मान वर केली, हाक मारली. या खेपेला मी डोळे मिटून ऐकलं. नावाच्या शेवटी क्स नव्हताच. तिथे एक श्वास होता. आमच्या भाषेत ह पुष्कळ आहे पण शब्दाच्या शेवटी आम्ही त्याला एकटं उभं राहू देत नाही, त्याच्यामागे काहीतरी चिकटवतोच. कागदावर त्या जागी एक्स असतो, आणि मी आयुष्यभर नावं डोळ्यांनी वाचली आहेत. लाखो नावं हाताखालून गेली, योग्य खणात पडली, एकही माझ्या कानात शिरलं नाही. मी बाल्कनीतच तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. जमलं नाही. मग मी जे करायला हवं होतं ते केलं, एक मजला चढून गेले आणि घंटी वाजवली.

दार तिनेच उघडलं. मी म्हटलं, "शिकायला आलेय." तिने मला आत घेतलं, स्वयंपाकघरात बसवलं, वेलदोड्याचा चहा पुढे केला. बहिणीचं नाव दहाबो, अंगाने तिच्या दुप्पट आणि आवाजाने चौपट. मी म्हटलं, "उबाख." दहाबो म्हणाली, "ही नावाची चिरफाड झाली." मी म्हटलं, "उबाहा." "आता ही दुसरीच कुणी झाली, आमच्या ओळखीची नाही." धाकटी हसत नव्हती. ती वृद्धाश्रमात परिचारिका आहे, म्हाताऱ्या माणसांना एकेक घास भरवते, धीर तिच्या हातात आहे. ती म्हणाली, "एद्दो, चष्मा काढा. काच पुसायची आहे असं समजा. वाफ सोडा तिच्यावर." मी काच तोंडाजवळ धरून वाफ सोडली. काच पांढरी झाली. "तो ह," ती म्हणाली. "तेवढाच. आता त्याच्या आधी माझं बाकीचं नाव ठेवा." मी ठेवलं. दहाबोने कप खाली ठेवला आणि धाकटीकडे पाहून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली, आणि उबाह, आता मला ते लिहिता तरी येतं, खिडकीकडे बघायला लागली. "काय म्हणाली ती?" मी विचारलं. "म्हणाली, आमच्या आईसारखं वाटलं. खोटं बोलतेय. पण जवळ आलात." मग म्हणाली, "उबाह म्हणजे फूल. फुलाच्या शेवटी कुठे क्स असतो का?"

मग एकामागून एक सगळं निघालं. आमच्याकडे कॅलेंडरात रोज कुणाचं ना कुणाचं नाव असतं, त्या दिवशी त्या नावाच्या माणसाला कॉफी पाजायची, गोड पाव द्यायचा. नऊ वर्षांपूर्वी मी हिचं नाव कॅलेंडरात शोधलं होतं, सापडलं नाही, म्हणून उ-वरून जवळात जवळ उल्लाचा दिवस धरला आणि दर वर्षी त्या दिवशी पावांची थाळी हिच्या दारात ठेवत आले. हे मी सांगितलं तेव्हा उबाहने कपाळावर हात मारला. "मला वाटायचं हा सोसायटीचा सण आहे. मी आश्रमात सगळ्यांना विचारत फिरले, आज कसला सण, कुणालाच माहीत नाही." दहाबोला हसून हसून ठसका लागला. मीही हसले, आणि हसता हसता विचारलं, "आणि तू मला एद्दो म्हणतेस ते काय आहे? मला आपलं वाटायचं, अहो, ओ, असलं काहीतरी असेल." दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. दहाबोच म्हणाली, "एद्दो म्हणजे बापाची बहीण. आत्या. मोठ्या बाईला मानाने म्हणतात." नऊ वर्षं मी तिला भलत्याच नावाने हाक मारत होते आणि ती मला आत्या म्हणत होती. रोज, जिन्यात, कचऱ्याच्या खोलीत, बर्फ झाडताना. चहा गार होईपर्यंत मी कप धरून बसले.

मग मी त्यांना ओक्सेन्या आत्याची गोष्ट सांगितली, जी मी माझ्या नवऱ्यालाही तो जिवंत असताना सांगितली नव्हती. बहिरेपणासकट. दहाबो म्हणाली, "लहान होतात तुम्ही तेव्हा." उबाह तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "आमच्या आश्रमात अशा तीन बहिऱ्या आज्या आहेत. नाव नीट घेतलं की तिघींनाही ऐकू येतं." आणि थोड्या वेळाने, "गुरुवारचं काय?" मी म्हटलं, "प्रस्ताव मी मागे घेते." ती म्हणाली, "आता तो तुमचा एकटीचा नाही. सह्या झाल्यात." ती उठून ओट्यापाशी गेली आणि पाठमोरीच बोलत राहिली. "सगळ्यांना वाटतं, मला नंबर चालेल. मला नाही चालणार. इथे आले तेव्हा निर्वासितांच्या शिबिरात चौदा महिने मी नंबर होते. वाईट नव्हते तिथले लोक, तुमच्यासारखेच, नंबर अगदी गोड आवाजात घ्यायचे. हे घर घेतलं तेव्हा खाली पाटीवर नाव लागलं, त्या दिवशी मी तिचा फोटो काढून आईला पाठवला. आई म्हणाली, छान आहे, पण सी जरा वाकडा वाटतोय." तिने नळ सोडला, कप विसळले. "तेवढंच आहे माझं त्या पाटीवर," ती म्हणाली. "वाकडं असलं तरी माझं आहे."

मी परस्पर खाली गेले आणि सी बदलला. सभेची वाट पाहिली नाही, एका अक्षरापुरता अध्यक्षाला तेवढा अधिकार असतो असं मी ठरवून टाकलं. कापलेला ओ कोटाच्या खिशात टाकला, तो अजून तिथेच आहे. मग गुरुवारपर्यंत मी सराव केला. आरशासमोर केला, भांडी घासताना केला, लिफ्टमध्ये केला. लिफ्टमध्ये ओर्वोने मला पकडलं. "छाती भरलीय का तुझी? मध घे." "नाव पाठ करतेय." "कुणाचं?" "तुझं नाही. तुझं सोपं आहे, पण काम सांगायला हाक मारली की नेमकं तेच ऐकू येत नाही." तो हसला, आणि उतरता उतरता म्हणाला, "हिल्का, मी काही वाईट मनाने सह्या घेतल्या नाहीत." "माहीत आहे मला," मी म्हटलं. "मीही घेतल्या नाहीत. म्हणून तर इतकी वर्षं चाललं." ओर्वोने तिची सायकल दोनदा दुरुस्त केलेली आहे, न सांगता, पहाटे. हे सगळं एकाच माणसात असतं, आणि त्याच माणसाबरोबर एका जिन्यात राहायचं असतं.

सभेत पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. पाटी राहिली. आठ विरुद्ध पाच. मी माझ्याच प्रस्तावाविरुद्ध बोलले, आणि माझं ते आवडतं वाक्य वाचून दाखवून म्हटलं की हे लिहिणारी बाई आळशी होती, अक्षरं बसवायचा तिला कंटाळा आला होता. उबाहही बोलली, शिबिरातल्या चौदा महिन्यांबद्दल, दोनच वाक्यं. ओर्वोने शेवटपर्यंत क्रमांकाच्याच बाजूने हात वर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाटीच्या काचेची सैल झालेली बिजागरी घट्ट करून दिली. जास्तीच्या अक्षरांचा नवा संच मागवायचं ठरलं. हे सगळं झालं आणि चांगलं झालं. पण माझ्यासाठी सभा त्याच्या आधीच होऊन गेली होती, पहिल्या पाच मिनिटांत, हजेरी घेताना.

आमच्याकडे सभेच्या सुरुवातीला अध्यक्षाने यादीतली नावं एकेक करून वाचायची असतात, ज्याचं त्याने उत्तर द्यायचं. संध्याकाळचे सहा, तळमजल्यावरची सभेची खोली, खिडक्यांमधून तिरपं ऊन, तेरा माणसं, कॉफीचे कागदी पेले. पहिली दोन नावं मी नेहमीसारखी वाचली. तिसरं तिचं. मी नीट, पुरतं म्हटलं, आडनावाच्या सुरुवातीची ती अडखळसुद्धा, रविवारी शिकलेली, जमेल तशी घेऊन. "उबाह इल्मी."

उत्तर आलं नाही. ती खिडकीजवळ बसली होती, मांडीवर हात, नजर समोर. मला क्षणभर त्या हिरव्या भिंती दिसल्या, ओल्या लोकरीचा वास आला. चुकलं असणार. किंवा नऊ वर्षांच्या सवयीने तिला आता क्सशिवाय आपलं नाव ओळखूच येत नसेल, आणि ते तर मीच केलेलं. माणसं खुर्च्यांवर हलायला लागली. एकदोघं वळून तिच्याकडे बघायला लागली. ओर्वो पुढे वाकला आणि त्याच्या मते हळू आवाजात म्हणाला, "ऐकू आलं नाही तिला. जरा ओरडून सांग."

"तिला ऐकू येतं," मी म्हटलं. एकसष्ट वर्षं हे वाक्य माझ्याकडे पडून होतं. माझा आवाज चांगला खणखणीत आहे, तो सगळ्या खोलीत गेला. मग मी चष्मा काढला, काच तोंडाजवळ नेली, कुणाला काय वाटायचं ते वाटू दे असं म्हणून, आणि न ओरडता नाव पुन्हा घेतलं. काच पांढरी झाली. चष्म्याशिवाय तिचा चेहरा मला नीट दिसला नाही, नुसता आवाज आला.

"हजर," उबाह म्हणाली. "पहिल्या हाकेलाच ऐकू आलं होतं, एद्दो. पण म्हटलं, नऊ वर्षांनी आलंय, अजून एकदा होऊन जाऊ दे."

मी चष्मा पुसला, तिच्या नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.